पानावरचे हिव आणि आभाळातली गार



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण म्हसावदकर निष्ठेने चालवीत आला आहात, त्यांची पर्जन्यमापकाची वही काल सायंकाळी मला दाखविण्यात आली. शाळेच्या आवारातील त्या साध्या पत्र्याच्या नळकांड्यात साचलेले पाणी रोज सकाळी मोजावे, आकडा टाकावा आणि त्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवसाच्या आभाळाची हकीकत एका ओळीत नमूद करावी, असा त्यांचा परिपाठ होता. त्या शेऱ्यांत वारा आहे, मळभ आहे, धुके आहे; आणि मधूनच, बहुधा फाल्गुन-चैत्राच्या पानांवर, ‘गार पडली’ असे दोनच शब्द आहेत. ती वही हातात असतानाच आजच्या व्याख्यानाचा विषय मनात पक्का झाला. ही गार मुळात जन्मते कशी, आणि तिच्या जन्माशी आपल्या शेतातील पानापाचोळ्याचा काही संबंध पोहोचतो काय, हा तो विषय होय.

गारपिटीचे दुःख या भागाला सांगावयास नको. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक भागांवर जी गार कोसळली, तिने काढणीला आलेला गहू, घाटे धरलेला हरभरा, निसवलेली केळी आणि द्राक्षाचे घड यांची जी वाताहत केली, तिचे पंचनामे करता करता तलाठ्यांची दफ्तरे अपुरी पडली. पंचनाम्यात पिकाचा तपशील असतो, क्षेत्राचा असतो, नुकसानीच्या टक्केवारीचा असतो. मात्र आभाळातील पाण्याचा दगड कसा झाला, या प्रश्नाला तेथे रकाना नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. तो रकाना भरण्याचे काम विज्ञानाचे आहे, आणि ते अद्याप पुरे झालेले नाही.

याच जिल्ह्यात बर्फाचे आणखी एक रूप आपल्या नित्य परिचयाचे आहे. पौषातील कडाक्याच्या थंडीत अक्कलकुवा तालुक्यातील डाबच्या पठारावर दवबिंदू गोठल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून येते. पहाटे गवताच्या पात्यांवर, कौलांवर, उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या टपावर पांढरा थर दिसतो आणि तो पाहावयास लोक दुरून जातात. आभाळातली गार आणि पानावरचे हिव या दोहोंना आपण आजवर निरनिराळ्या खात्यांत जमा करीत आलो. गेल्या पन्नास-साठ वर्षांतील संशोधनाने त्यांचे नाते ज्या वाटेने उघडकीस आणले, ती वाट पानावरून सुरू होते आणि मेघापर्यंत जाते. त्याच वाटेने आज मी आपणांस नेणार आहे.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. पाणी शून्य अंशावर गोठते, असे आपण शाळेत शिकलो. शून्य अंशावर बर्फ वितळतो, हे निःसंशय खरे. परंतु शून्य अंशाला पोहोचताच पाणी गोठलेच पाहिजे, असा निसर्गाचा हुकूम नाही. उष्णतामापकामुळे ज्याचे नाव आपल्या तोंडी आहे त्या फारेनहाइटने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच पाहिले होते की, निर्मळ पाणी स्वच्छ काचेच्या गोळ्यात बंद करून थंडीत ठेवले असता ते गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहते. अशा पाण्याला आपण अतिशीत पाणी म्हणू. ढगातील थेंबुकला इतका बारीक, की त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. त्यात परका कण नसेल तर तो उणे ३८ अंशांच्या सुमारापर्यंत पाणीच राहतो. कारण बर्फ होणे म्हणजे केवळ थंड होणे नव्हे. द्रवात सैरावैरा फिरणाऱ्या रेणूंनी षट्कोनी शिस्तीत एकमेकांचे हात धरावयाचे असतात, आणि ही शिस्त प्रारंभी ज्या इवल्याशा पुंजक्यात उमटते, तो पुंजका पुरेसा मोठा होण्यापूर्वीच रेणूंच्या धडपडीने मोडून जातो. त्याला टेकू देणारा एखादा परका पृष्ठभाग भेटला, आणि त्या पृष्ठभागाची ठेवण बर्फाच्या ठेवणीशी जुळती असली, म्हणजे मात्र तो पुंजका तग धरतो व पाहता पाहता सगळा थेंब गोठतो. अशा टेकू देणाऱ्या कणास हिमकेंद्रक म्हणतात.

पावसाळ्यात आपल्या डोक्यावरील हवेत शून्य अंशाची पातळी साधारण पाच ते सहा किलोमीटर उंचीवर असते. मार्च महिन्यात ती याहून बरीच खाली असते. त्या पातळीच्या वर चढणाऱ्या उंच ढगात दूरपर्यंत अतिशीत थेंबांचे राज्य असते आणि त्यात कोठे कोठे एखादा हिमकण. या विरळ हिमकणांचे महत्त्व प्रथम ज्याच्या ध्यानी आले, तो जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर. त्याने १९११ च्या आपल्या ग्रंथात त्याचा निर्देश केला. पुढे स्वीडनच्या टोर बर्गेरॉनने त्यावरून पावसाची उपपत्ती उभारली. बर्गेरॉनला ती कशी सुचली, ही हकीकत मला फार प्रिय आहे. १९२२ च्या हिवाळ्यात ओस्लोजवळच्या एका टेकडीवर विश्रांतीसाठी राहिला असताना तो देवदारांच्या वनातील वाटेने फिरावयास जात असे. वनावर धुके उतरलेले असे. हवा शून्याच्या वर असली तर ते धुके थेट वाटेपर्यंत झिरपे; हवा शून्याच्या बरीच खाली असली म्हणजे मात्र झाडांच्या खालची वाट मोकळी राही. अतिशीत थेंब आणि बर्फ शेजारी शेजारी आले तर बर्फ वाफ ओढून घेतो आणि थेंब आटत जातो, हे त्याने या दृश्यावरून ताडले. फांद्यांवरचे हिव धुके खात होते. तेच ढगात घडते. उणे दहा अंशांवर बर्फाला पुरेल असा वाफेचा दाब पाण्याला लागणाऱ्या दाबाहून सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो. त्या फरकाच्या बळावर एक हिमकण शेकडो थेंबांची वाफ घेऊन पोसतो, जड होतो, खाली निघतो, वाटेत थेंब गोळा करतो, आणि उबदार थरात वितळून आपल्या अंगणात पाऊस म्हणून उतरतो. ढगातील सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक थेंब होतो, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे अशा संग्राहकाची गरज केवढी आहे ते कळेल. वर चढणारा वारा बलवान असला, आणि त्या हिमकणावर अतिशीत पाण्याचे थर मागून थर चढत गेले, तर तो हिमकण गार होतो.

ही हिमकेंद्रके कोणती, याचे उत्तर दीर्घकाळ ‘धूळ’ असे दिले जाई, आणि ते चुकीचे नव्हते. वाळवंटातील व उघड्या रानातील मातीचे कण, विशेषतः फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे कण, हे काम करतात. परंतु त्यांतील बहुसंख्य उणे पंधरा अंशांच्या खाली गेल्यावरच कामाला लागतात. अमेरिकेत १९४६ साली बर्नार्ड व्हॉनेगट याने सिल्व्हर आयोडाइडची स्फटिकरचना बर्फाशी जुळती आहे हे हेरून त्याचा धूर ढगात सोडण्याची युक्ती काढली. ते उणे पाच-सहा अंशांपासून काम देते. आपल्या राज्यात दुष्काळाच्या वर्षी विमानातून ढगांवर जे प्रयोग झाले, त्यांतील एक द्रव्य हेच. मात्र शून्याच्या अगदी जवळ, उणे दोन-तीन अंशांवर, थेंब गोठविणारे काही निसर्गात असेल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

ते सापडले कुजक्या पानांत. अमेरिकेच्या वायोमिंग विद्यापीठात गॅबर व्हाली आणि त्याचा विद्यार्थी रसेल श्नेल हे मातीतील हिमकेंद्रके मोजीत होते. ज्या मातीत सेंद्रिय अंश अधिक, ती माती अधिक उबदार अंशावर थेंब गोठवते, असे त्यांना आढळले. तेव्हा श्नेलने माती बाजूला ठेवून पालापाचोळाच घेतला, तो ओला करून कुजू दिला, आणि त्याच्या पाण्याचे थेंब थंड करीत गेला. ते थेंब उणे दोन अंशांच्या आसपास गोठू लागले. हा निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाला. पाचोळ्यातले नेमके काय हे करते, याचा छडा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लेरॉय माकी याने लावला: एक जीवाणू, स्यूडोमोनस सिरिंगी. लायलॅक नावाच्या फुलझाडाच्या रोगट पानावर तो प्रथम ओळखला गेला, म्हणून हे नाव. याच सुमारास विस्कॉन्सिनमध्ये मक्याच्या रोपांवर काम करणाऱ्या स्टीव्हन लिंडो प्रभृतींना निराळ्याच दिशेने याच जीवाणूची गाठ पडली. ज्या रोपांवर हा जीवाणू आहे ती थोड्याशा थंडीत हिवाने मरतात, आणि ज्यांवर नाही त्यांच्यातील पाणी उणे चार-पाच अंशांपर्यंत न गोठता टिकते, असे त्यांनी पाहिले.

या शोधाचा अर्थ मी आपल्या भाषेत मांडतो. थंडीच्या रात्री निरभ्र आकाशाखाली पान आपली उष्णता वर सोडून देते आणि भोवतालच्या हवेहूनही काही अंशांनी अधिक थंड होते. म्हणून छायेतील तापमापक तीन-चार अंश दाखवीत असतानाही पात्यावरचे दव शून्याखाली गेलेले असते. तेथून पुढे ते गोठावे की नाही, हा प्रश्न केवळ थंडीचा राहत नाही. त्या पानावर कोणाची वस्ती आहे, याचा तो प्रश्न होतो. डाबच्या पहाटेचे ते पांढरे पाते पाहताना मला आता आकाश आणि पान यांच्या जोडीने हा तिसरा, अदृश्य भागीदारही दिसतो.

या जीवाणूच्या अंगी ही शक्ती आली कोठून? त्याच्या बाह्य आवरणावर एक लांबलचक प्रथिन असते. अमिनो आम्लांची तीच ती लहानशी मालिका त्यात पुन्हा पुन्हा, डझनावारी वेळा, येते आणि त्यामुळे त्याच्या एका अंगावर पाण्याच्या रेणूंना रांगेत बसविणारे जणू साचेच तयार होतात. अशी अनेक प्रथिने शेजारी शेजारी जमली म्हणजे तो साचा पुरेसा विस्तृत होतो आणि बर्फाचा पुंजका मोडण्याऐवजी वाढू लागतो. पानाच्या पेशी बर्फाने फाटल्या की आतील अन्नरस जीवाणूला मिळतो, म्हणून हा गुण त्याच्या उपयोगी पडला असावा, असा तर्क केला जातो. या प्रथिनाचा जीन काढून टाकलेला जीवाणू लिंडोच्या परिश्रमातून तयार झाला, आणि १९८७ साली कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या शेतात तो सोडण्यात आला. जनुकीय बदल केलेला जीव उघड्या शेतात सोडण्याची ती पहिली अधिकृत परवानगी होती व तिच्याविरुद्ध न्यायालयात वर्षानुवर्षे झगडा झाला. उलट बाजूस, याच जीवाणूच्या मृत पेशींची पूड करून ती पाण्यात मिसळून बर्फावरील क्रीडांच्या मैदानांवर कृत्रिम हिम पाडण्याचा धंदाही उभा राहिला. जीवाणू मेला तरी साचा शाबूत राहतो, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. ती पुढे उपयोगी पडेल.

आता पानावरून मेघाकडे. श्नेल पुढे केनियात गेला. तेथील केरिचो व नंदी टेकड्यांच्या चहाच्या मळ्यांवर वर्षातून सुमारे १३२ दिवस गारा पडत असल्याची नोंद होती. इतकी वारंवार गार पृथ्वीवर क्वचितच कोठे पडत असेल. चहाच्या झुडपांखालच्या पाचोळ्यात त्याला प्रभावी हिमकेंद्रके मिळाली, आणि पाने खुडणाऱ्यांच्या वावराने उडणारी ही धूळ वरच्या ढगांत जात असावी, अशी त्याची उपपत्ती. मोंटाना स्टेट विद्यापीठातील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ डेव्हिड सँड्स याने गव्हाच्या शेतांवरून लहान विमान नेले आणि खिडकीतून जीवाणूंच्या तबकड्या बाहेर धरल्या; तबकड्यांवर हा जीवाणू उगवला. पान जीवाणू वाढवते, वारा त्याला ढगात नेतो, जीवाणू बर्फ घडवितो, बर्फातून पाऊस होतो, पाऊस जीवाणूला पुन्हा पानावर आणून सोडतो, असे चक्र त्याने १९८२ च्या सुमारास मांडले. तेव्हा ते अनेकांना कविकल्पना वाटले. २००८ साली ब्रेंट क्रिस्टनर व त्याच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या खंडांतील ताज्या हिमवृष्टीचे नमुने तपासले, तेव्हा उणे दहा अंशांच्या वर गोठविणारी जी केंद्रके त्यांत होती, ती बहुतांशी जैविक ठरली. वायोमिंगवरील ढगांतून विमान नेऊन तपासलेल्या हिमकणांच्या गाभ्यांचे निष्कर्ष पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यांत सुमारे निम्मे धुळीचे आणि सुमारे एकतृतीयांश जैविक निघाले. मोंटानात पडलेल्या मोठ्या गारा थराथराने वितळवून पाहता बाहेरच्या थरांपेक्षा मध्यगाभ्यात जीवाणूंची संख्या जास्त आढळली. गारेच्या पोटात दडलेले ते बीज आपल्या शेरे-रकान्यातील दोन शब्दांचा अर्थ किती वाढविते, पाहा.

जीवाणू एकटा नाही. काही बुरशी, काही दगडफुले, भूर्जवृक्षाच्या परागांतून पाण्यात उतरणारी शर्करामय द्रव्ये, या सर्वांत कमीअधिक प्रमाणात हा गुण आहे. आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा साक्षीदार म्हणजे गव्हावरचा तांबेरा. तांबेऱ्याचे ते विटकरी बीजाणू उणे दहा अंशांच्या वरच थेंब गोठवू शकतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

तांबेऱ्याचा हवाई प्रवास हा तर भारतीय विज्ञानातील एक अभिमानाचा अध्याय आहे, आणि तो येथे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. मैदानी मुलखातील उन्हाळ्यात तांबेरा जळून जातो. तरी दर हिवाळ्यात तो पुन्हा येतो कोठून? आग्र्याच्या प्राध्यापक के. सी. मेहता यांनी अनेक वर्षांच्या चिकाटीने दाखविले की तो डोंगरांतील गारव्यात तग धरतो आणि तेथून वाऱ्यावर खाली येतो. पुढे नागराजन आणि जोशी यांनी वाऱ्यांचे मार्ग व पावसाच्या पाण्याचे नमुने जुळवून असे सिद्ध केले की, दक्षिणेतील निलगिरी-पळणीच्या टेकड्यांवरचे खोडतांबेऱ्याचे बीजाणू बंगालच्या उपसागरातील वादळांच्या वाऱ्यांवर आरूढ होऊन मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाबरोबर शेतात उतरतात. म्हणजे आपल्या सातपुड्याच्या पलीकडच्या गव्हावर उतरणारा बीजाणू शेकडो मैल ढगांच्या सोबतीने आलेला असतो. त्या प्रवासात तो केवळ उतारू असतो, की ढगाच्या कारभारातही हात घालतो, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला नाही. आज तो विचारता येतो.

हवेतील या वस्तीची शिरगणती करण्याची विद्या महाराष्ट्रात रुजविली ती मराठवाडा विद्यापीठाचे प्राध्यापक एस. टी. टिळक यांनी. परदेशी यंत्रे महाग आणि दुर्मीळ, म्हणून त्यांनी औरंगाबादेत स्वतःचे हवानमुना-यंत्र घडविले. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ते देशभर वापरले गेले, आणि शेतांवरील हवेत कोणत्या ऋतूत कोणत्या रोगाचे बीजाणू किती, याच्या जंत्र्या त्यातून तयार झाल्या. त्या जंत्र्या पिकांच्या रोगांसाठी व दमेकऱ्यांसाठी तयार झाल्या. त्यांकडे ढगांच्या दृष्टीने पाहिले जाईल, असे त्यांच्या कर्त्यांना वाटले असेल की नाही न कळे; पण अशी मेहनत कधी वाया जात नाही.

महाबळेश्वराच्या पठाराचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तेथे गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे, आणि २०१२ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची मेघभौतिकीची उच्चस्थ प्रयोगशाळाही आहे, जिच्या दारातून पावसाळ्यात ढग अक्षरशः आत येतात. एक संस्था बीजाणू पाहते, दुसरी मेघ पाहते. दोन्ही एकाच धुक्यात उभ्या आहेत. या दोन विद्यांची सोयरीक व्हावी, हे माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार म्हटले तरी चालेल.

सत्याला जागून विरुद्ध पक्षाची कैफियतही मांडली पाहिजे. हवेत कणांची दाटी अफाट. पण त्यांत हिमकेंद्रके लाखांत एखादे, आणि उबदार अंशांवर काम करणारी जैविक केंद्रके त्याहूनही विरळ. पृथ्वीच्या एकंदर वातावरणाचे गणित मांडणाऱ्यांनी २०१० साली हिशेब केला, तेव्हा जागतिक सरासरीत जैविक कणांचा वाटा एक टक्क्याच्याही खाली आला. यावरून काहींनी प्रकरण निकालात काढले. मला ते मान्य नाही. सरासरीने शेत भिजत नाही. शिवाय हॅलेट आणि मॉसॉप यांनी १९७४ साली दाखविलेली एक क्रिया येथे लक्षात घ्यावी लागते: उणे तीन ते उणे आठ अंशांच्या पट्ट्यात, पडत्या हिमकणावर अतिशीत थेंब आदळून गोठतात तेव्हा बर्फाच्या बारीक कपच्या उडतात, आणि त्या कपच्या स्वतःच नवे हिमकण होतात. त्या पट्ट्यात धूळ अजून निद्रिस्त असते. पहिला हिमकण तेथे उपजवू शकणाऱ्या मोजक्यांत जैविक केंद्रके येतात. ठिणगी लहान असली तरी गंजी पेटते, म्हणून ठिणगीचा हिशेब केवळ तिच्या वजनावरून करता येत नाही.

तरीही एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. झाडे लावा म्हणजे हे जीवाणू वाढतील आणि पाऊस पडेल, अशी सरळ बेरीज कोणी मांडू लागला तर तिला शास्त्राचा आधार नाही. सह्याद्रीवरील पुष्कळसा पाऊस शून्य अंशाच्या पातळीखालीच राहणाऱ्या उबदार ढगांतून, बर्फाच्या मदतीशिवाय पडतो. बारामतीच्या परिसरात आपल्याच हवामानसंस्थेने १९७० नंतरच्या दशकांत जे दीर्घ प्रयोग केले, ते अशाच उबदार ढगांवर मिठाची पूड फवारून केलेले होते. सातपुड्याचे वन राखण्यास अन्य सबळ कारणे इतकी आहेत की त्यासाठी अर्धवट पुराव्याची उसनवारी करण्याचे प्रयोजन नाही.

आता अखेरीस येथील शाळेच्या मुलांसाठी एक काम सांगतो. म्हसावदहून राणीपूर आणि पुढे सातपायरीचा घाट चढून गेले की अकराशे मीटरांहून उंच तोरणमाळ. एवढ्या थोड्या अंतरात केळी-पपईच्या बागांपासून डोंगरावरील वनापर्यंतची पाने हाती येतात, ही सोय फार थोड्या गावांना आहे. हा जीवाणू थंडाव्यात व ओलीत वाढतो, म्हणून नमुने पौष-माघात घ्यावेत. शेतातील पाने, बांधावरचे गवत, वनातील पाचोळा निरनिराळ्या स्वच्छ बाटल्यांत ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा. ॲल्युमिनियमच्या थाळीला व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा, तिच्यावर त्या पाण्याचे सारखे तीस थेंब अंतराअंतरावर ठेवावेत, शेजारी नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याचे तीस. आणि ती थाळी बर्फ व मीठ यांच्या मिश्रणावर अलगद ठेवून तापमापक थाळीला टेकवून पाहत बसावे. थेंब गोठला की पारदर्शकपणा जाऊन दुधाळ होतो. कोणत्या अंशावर किती झाले, ते लिहीत जावे. नंतर बाटलीतील अर्धे पाणी चांगले उकळावे, निवू द्यावे, आणि तोच प्रयोग पुन्हा करावा. धुळीला उकळण्याची फारशी बाधा होत नाही. प्रथिनाचा साचा मात्र, जो जीवाणूच्या मृत्यूनंतरही टिकतो असे मी मघा म्हटले, तो उकळण्याने मोडतो. म्हणून न उकळलेले थेंब जेथे उणे तीन-चारावर गोठले आणि उकळलेले त्याहून बरेच खाली जाईपर्यंत गोठले नाहीत, ते पान कोणत्या शिवारातले, ती तारीख कोणती आणि त्या पहाटे दव होते की हिव, एवढे गुरुजींच्या वहीतील शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच पद्धतीने एका ओळीत नोंदवावे.